सायकलवर निघताना घालायचं काय?

पुण्याहून कात्रज, खंबाटकी, वाई आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणी असा बेत ठरला की ग्रुपवर टायर, गिअर, पंक्चर किट यांवर भरपूर खल होतो. कपड्यांचा विषय मात्र ‘असेल ते घालू’ इथंच मिटतो. मग शिरवळ यायच्या आतच एखादा गडी पेडलवर उभा राहून सायकल हाणायला लागतो, कारण त्याला बसवत नसतं.

पैसे मोजकेच असतील तर आधी पॅडेड शॉर्ट्स घ्या, रंगीबेरंगी जर्सीचं नंतर बघू. सायकलवर बसताना शरीराचा बराच भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. पेडलचे मिनिटाला ७० फेरे धरले तरी तासाभरात प्रत्येक मांडी ४,२०० वेळा सीटला घासून जाते. जीन्सची जाड शिवण नेमकी तिथंच येते, म्हणून जीन्स बादच. शॉर्ट्स विकत घेताना उलटी करून बघा. पॅड हाडांखाली जाड आणि कडेला पातळ होत गेलेलं हवं, मधोमध उभी शिवण नको. अंगठ्यानं दाबल्यावर ते लगेच वर यायला हवं. स्पंजासारखं लिबलिबीत पॅड दुकानात छान वाटतं आणि तासाभरात चपटं होतं. बायकांच्या आणि पुरुषांच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तेव्हा घरातली कुणाचीही चालेल असं नाही. आणि दुकानदार संकोचापोटी जे सांगत नाही ते इथं सांगतो: या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. घातलंत तर त्याच्या शिवणी काचणार आणि पॅडचे पैसे वाया.

तंग शॉर्ट्समध्ये मिसळ खायला किंवा देवळात जायला अवघडल्यासारखं होत असेल, तर वरून एक सैल, हलकी हाफपँट चढवा. त्यात काही कमीपणा नाही.

कुठलाही कपडा ट्रायल रूमच्या आरशापुढं ताठ उभं राहून पसंत करू नका. हँडल धरल्यासारखे हात पुढं करून वाका. कंबर उघडी पडते का, काखेत ओढतं का, पोटाला इलॅस्टिक रुततं का, ते तेव्हाच कळतं. जर्सी मागून लांब असते ती याचसाठी.

उन्हाळ्यात सुतीच बरं, हे घरात आणि ऑफिसात खरं. घाटात मात्र सुती टी-शर्ट घाम पिऊन जड होतो आणि ओलाच राहतो. थंडीच्या दिवसांत पाचगणीला पोचून तसंच उतरायला लागलात तर वाऱ्यानं छाती गारठते. ड्राय-फिट कापड लवकर वाळतं. जवळ विंडचीटर नसेल तर टपरीवरून जुनं वर्तमानपत्र मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर पसरा. युरोपातले शर्यतवाले डोंगर उतरताना पूर्वीपासून हेच करत आले आहेत. दापोली, हर्णै, गुहागर या पट्ट्यात मात्र दमटपणामुळे काहीच धड वाळत नाही, तिथं एक कोरडा शर्ट सोबत असलेला बरा.

पावसाळ्यात ताम्हिणीत भिजायचंच असतं. जाड रेनकोटात तुम्ही आतून घामानं भिजता, एवढाच फरक. पातळ विंडचीटर आणि मडगार्ड पुरे. पोंचो नकोच, चाकात अडकतो. ओढणीचंही तेच. धुक्यात दिसेल असा भडक रंग घाला.

चेन उजवीकडे असते, म्हणून लांब पँटचा उजवा पाय मोज्यात खोचा आणि बुटाची नाडी आत दडपा. तळहाताला मुंग्या येत असतील तर पॅडचे हातमोजे घ्या.

राइड संपली की ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसू नका. त्यामुळेही फोड येतात. शॉर्ट्स उलटी करून साध्या साबणानं धुवा, सॉफ्टनर टाळा आणि पॅड पूर्ण वाळू द्या. एवढं करूनही दुखत असेल तर सीटची उंची तपासा, ती चुकलेली असेल तर महागडे कपडेही काही करू शकत नाहीत. आणि नवी शॉर्ट्स थेट पाचगणीला नेऊ नका, आधी घराजवळ दोन तास चालवून बघा.