जुन्या सिंथेसायझरची कैफियत

ज्या वाद्यात स्वर तारेच्या वा कातड्याच्या कंपनातून न जन्मता विजेच्या दाबाच्या चढउतारांतून घडविला जातो, त्या वाद्याचा बिघाड कानाला जेथे जाणवतो तेथेच असेल असे मुळीच नाही, ही गोष्ट जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर दुरुस्तीस घेणाऱ्याने प्रथमपासून ध्यानी ठेवावी.

१९८१ साली जपानातून बाजारात आलेले, एका वेळी सहा स्वर वाजविणारे एक कॉर्ग पॉलिसिक्स माझ्याकडे आले, तेव्हा मालकाची कैफियत अशी होती की, स्मृतीत साठविलेले बत्तीस नाद आपोआप बदलतात, काही बटणे दाद देत नाहीत आणि साऱ्याच स्वरांचा पोत घटकेत बोथट, घटकेत कर्कश होतो. पूर्वीच्या कारागिराने या शेवटच्या तक्रारीवरून सारा आळ फिल्टरवर घेतला होता आणि आज मूळ स्वरूपात दुर्मिळ झालेल्या, फिल्टरच्याच एसएसएम २०४४ चिपांपैकी दोन उपटून काढताना बोर्डावरील तांब्याच्या पट्ट्याही उखडल्या होत्या. तक्रार मात्र जागच्या जागी कायम होती. वस्तुतः प्रत्येक स्वराला स्वतंत्र फिल्टर असता सहाही स्वर एकदम बिघडावेत, एवढ्यावरूनच दोष सामायिक भागात आहे हे उघड होते. स्मृती सांभाळणाऱ्या केएलएम ३६७ बोर्डावरील निकेल-कॅडमियम बॅटरी वयोमानाने पाझरली होती आणि तिच्यातील क्षाराने आसपासच्या पट्ट्या खाल्ल्या होत्या. फिल्टर निर्दोष होते. त्यांना या बोर्डाकडून मिळणारे हुकूमच चुकीचे होते.

यावरून जो क्रम मी पाळतो तो सांगतो. वाद्य जपानी बाजारासाठी बनलेले असल्यास ते १०० व्होल्टचे असते, ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास अनर्थ ठरलेला. म्हणून मागील माहितीपट्टी वाचल्यावाचून वायर जोडू नये. झाकण उघडण्यापूर्वी वीज तोडावी, कपॅसिटरमधील साठा उतरू द्यावा आणि उघडल्यावर प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घ्यावे. मग पहिली मोजणी वीजपुरवठ्याची: अशा अनेक वाद्यांत अधिक-उणे १५ व्होल्ट आणि अंकीय भागासाठी ५ व्होल्ट लागतात, त्यांची सर्किट-नकाशाशी रुजुवात घालावी. हे दाब ढळले असतील किंवा त्यांवर गुणगुण असेल, तर पुढील सारी तपासणी व्यर्थ होय. जुने कपॅसिटर सुकणे हे त्याचे नेहमीचे कारण. त्यानंतर कळफलकावरील एकच पट्टी पुनःपुन्हा दाबून पाहावी. दर सहावा स्वर बिघडत असेल तर दोष एका स्वराच्या मंडलात, सारेच बिघडत असतील तर सामायिक भागात, आणि ठराविक पट्टीच मुकी असेल तर तिचा संपर्क मळलेला, असे समजावे.

बॅटरी काढल्यावर साठविलेले नाद पुसले जातात, म्हणून वाद्य साथ देत असल्यास ते आधी कॅसेटवर उतरवावेत. पाझरलेला क्षार पातळ व्हिनेगरने शमवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बोर्ड पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पट्टी मीटरने तपासावी. डोळ्यांना अखंड दिसणारी पट्टीही आतून तुटलेली असू शकते. जुन्या जागी लिथियमचा सेल बसविणाऱ्याने मूळ मंडलाचा चार्जिंगचा प्रवाह त्यात शिरू नये म्हणून डायोडची तजवीज केलीच पाहिजे, अन्यथा सेल फुटण्याचा धोका असतो. आणि एका वेळी एकच भाग बदलून वाद्य पुन्हा वाजवून पाहावे. चार भाग एकदम बदलणाऱ्यास गुण कशाने आला हेही कळत नाही आणि नवा दोष कोठून शिरला हेही नाही.

ज्यांच्या घरी असे वाद्य कपाटात पडून आहे, त्यांनी ते जाणत्या हातांकडून उघडवून बॅटरी तेवढी या आठवड्यातच पाहून घ्यावी. वाद्य बंद ठेवल्याने तिची गळती थांबत नाही.