द्राक्षांची परीक्षा : रेणूंचे वजन करणारे यंत्र

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तेथील बाजाराने माल नाकारला आणि निर्यातक्षम द्राक्षे पिकविणाऱ्या बागाईतदारांवर मोठे संकट कोसळले. फळ दिसावयास उत्तम होते आणि चवीलाही गोड होते. त्यातील दोष डोळ्यांना, नाकाला वा जिभेला कळणारा नव्हता. युरोपीय मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. याचाच अर्थ, प्रत्येकी १० टनांच्या दोन ट्रकांतील द्राक्षांत मिळून केवळ १ ग्रॅम! इतका सूक्ष्म अंश शोधून काढण्याचे काम मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच द्रव्यमान वर्णपटमापक हे यंत्र करते.

खळ्यावरील तत्त्व

खळ्यावर धान्य उफणताना जड दाणे पायाशी पडतात व हलका भुसा दूर उडून जातो. वारा दोहोंना सारखाच असतो, पण त्याचा परिणाम मात्र वेगवेगळा होतो. या यंत्राचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. येथे वाऱ्याचे काम विद्युत् किंवा चुंबकीय क्षेत्र करते. मात्र ही क्षेत्रे विद्युत् भार असलेल्या कणांनाच वळवू शकतात. म्हणून रेणूला प्रथम भारित करावे लागते. अशा भारित कणास आयन म्हणतात. हवेच्या रेणूंशी टक्कर होऊन त्याची वाट चुकू नये, यासाठी त्याचा पुढील प्रवास निर्वात पोकळीत घडविला जातो.

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन यांनी १९१३ मध्ये याच मार्गाने निऑन वायूत २० व २२ अशा दोन वजनांचे अणू असल्याचे दाखविले. त्यांचे सहकारी एफ. डब्ल्यू. अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये अधिक अचूक यंत्र सिद्ध केले. त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे द्रावणातील रेणूंना सूक्ष्म तुषारांतून आयनरूपात आणण्याच्या पद्धतीबद्दल अमेरिकेचे जॉन फेन हे २००२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. द्राक्षांच्या तपासणीत हीच तुषार-पद्धती उपयोगी पडते.

द्राक्षापासून आकड्यापर्यंत

प्रयोगशाळेत द्राक्षे वाटून त्यांतील रसायन आम्लयुक्त मिथेनॉलच्या साह्याने द्रावणात उतरविले जाते. हे द्रावण एका बारीक नळीतून जाताना त्यातील घटक बहुतांशी एकमेकांपासून सुटे होतात. नळीच्या टोकाशी काही हजार व्होल्टचा दाब असतो. तेथे द्रावणाचे तुषार उडतात, द्रव वाळतो आणि आयन यंत्रात शिरतात.

आत चार समांतर दांड्यांची एक विद्युत् चाळण असते. दांड्यांवरील दाब विशिष्ट प्रमाणात ठेवला, की ठरावीक वजनाचेच आयन आरपार जातात व इतर दांड्यांवर आदळून नाहीसे होतात. क्लोरमेक्वाटच्या आयनाचे वजन १२२ आहे. पण तेवढ्याच वजनाचा दुसरा एखादा पदार्थही द्राक्षात असू शकतो. म्हणून निवडलेला आयन पुढच्या कप्प्यात वायूच्या रेणूंवर आदळवून फोडला जातो. क्लोरमेक्वाट फुटल्यावर ५८ वजनाचा तुकडा मिळतो. तो दुसऱ्या चाळणीतून निवडून मोजला जातो.

याखेरीज निसर्गाने स्वतःच एक साक्षीदार ठेवला आहे. क्लोरीनचे अणू ३५ व ३७ अशा दोन वजनांचे असून त्यांचे प्रमाण सुमारे तीनास एक असते. क्लोरमेक्वाटमध्ये क्लोरीनचा एक अणू असल्यामुळे १२२ बरोबर १२४ वजनाचा आयनही त्याच प्रमाणात दिसावयास हवा. सर्व खुणा जुळल्या म्हणजे ओळख पटते. नंतर ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याशी तुलना करून किलोमागे किती मिलिग्रॅम, हे ठरते.

जे विचारावे, तेच सांगते

इतके सूक्ष्मदर्शी यंत्र उपलब्ध असताना २०१० चा प्रसंग का ओढवला, हा प्रश्न साहजिक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखून घडनिर्मितीस मदत व्हावी, म्हणून बागाईतदार हे रसायन वापरीत. ते वेलीत दीर्घकाळ टिकते व पुढे फळात उतरते. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत मात्र त्या वेळी त्याचे नाव नव्हते. शिवाय हे रसायन मुळातच भारित असल्याने, अनेक कीटकनाशके एकाच वेळी शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते द्रावणात उतरत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते. जी चाळण लावलीच नाही, तिच्यातून काय गळाले असते हे यंत्र सांगू शकत नाही. त्यानंतर या रसायनाचा तपासणीत समावेश करण्यात आला. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अवशेष तपासणीच्या कामी इतर प्रयोगशाळांना मार्गदर्शन करते.

यातून मिळणारा धडा बांधावरचा आहे. कोणत्या तारखेस कोणते औषध किती फवारले, याची प्रामाणिक नोंद ही तपासणीची पहिली पायरी होय. नोंदवहीत जे लिहिले जाते, त्यावरूनच प्रयोगशाळेने काय शोधावयाचे हे ठरण्यास मदत होते. कृषी सहायकाने ही वही बागेत जाऊन पाहावी, ग्रामसभेत तिचे महत्त्व सांगितले जावे आणि शाळेत विज्ञान शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण मुलांपुढे ठेवावे. रेणूचे वजन यंत्र करील, पण त्याला अचूक प्रश्न विचारण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.