गोणी उचलताना धाप

प्रश्न : वय ५८, राहाता तालुक्यात ऊसशेती. अँजिओप्लास्टीला तीन महिने झाले. खताची गोणी उचलली की धाप लागते. व्यायाम करू की आराम?

उत्तर : धाप आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर गोणीला हात लावू नका. नाडीचे ठोके गुणिले वरचा रक्तदाब, हा हृदयावरच्या भाराचा ढोबळ हिशेब. बसल्या जागी ७० × १२० म्हणजे ८,४००. दम रोखून ओझं उचललं की रक्तदाब झपकन चढतो आणि हा गुणाकारही वाढतो. मांड्या-दंड कमकुवत असतील तर तेच ओझं हृदयाला जास्त महाग पडतं, म्हणून नुसतं पडून राहणंही घातकच. परवानगी मिळाली की लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टना भेटा. सुरुवात खुर्चीवरून उठ-बस करण्यापासून, उठताना श्वास सोडत. छातीत दाब जाणवला तर लगेच थांबा. थांबूनही राहिला तर थेट दवाखाना गाठा.