रेस सोडली की बंद पडणारं मशीन

नारळी पौर्णिमा झाली की मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि औटबोर्ड मशीनची दुखणी वर येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्याही पावसाळ्यात बंद. तोवर मशीन पडवीत उभं. मग एखादा पोरगा येऊन सांगतो, "काका, दोरी ओढून हात गेलो. सुरू होता, पण रेस सोडली की बंद पडता." ही दोन दुखणी वेगळी धरून लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं, आणि ते पेट्रोलाच्या वाटेवर सापडतं.

१. पहिला हात टाकीला लावा. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. मग रबरी फुगा बाण वरच्या बाजूला येईल असा धरून दाबा. चार-सहा दाबांत तो घट्ट व्हायला हवा. घट्टच होत नसेल तर पाइपाच्या जोडातून हवा शिरते आहे किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेला आहे. चालू मशीनवर फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर टाकीला हवा मिळत नाही किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे.

२. मशीन मरायला लागलं की फुगा दाबून बघा. सावरलं, तर पंपाचा पडदा किंवा पाइपाचे जोड तपासा. फुग्याने फरक पडला नाही आणि चोक अर्धा ओढल्यावर सावरलं, तर पेट्रोल कमी पडतंय. बोट कार्बोरेटरकडे वळवा. या दोन चाचण्यांना पाना लागत नाही, तरी त्या न करताच मशीन खोलणारे फार आहेत. त्याचं मला वाईट वाटतं, कारण तो खर्च होडीवाल्याच्या खिशातून जातो.

३. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल पांढऱ्या बशीत काढा. त्यात सगळं दिसतं. तळाशी काचेच्या मण्यासारखे गोल थेंब घरंगळले तर ते पाणी. तपकिरी चिकटा दिसला तर जुनं पेट्रोल आटून राळ झालेली. हल्ली पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी ठेवली की पाणी आणि इथेनॉल एक होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोकला हे जास्त घातक. लिटरला २० मिली, म्हणजे ५०ला १, या हिशेबाने घातलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि तळाचा थर ऑइलशिवाय इंजिनात जातो. असं पेट्रोल गाळून वापरायच्या फंदात पडू नका.

४. आता स्लो जेट. रेसवर मोठा जेट पेट्रोल पुरवतो, म्हणून मशीन धावतं. रेस सोडली की सगळी भिस्त स्लो जेटच्या केसाएवढ्या भोकावर. थंड मशीनला दोरी मारतानाही बहुतेक पेट्रोल याच वाटेने येतं, म्हणून सुरू व्हायलाही त्रास. जेट काढून उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. क्लीनर मारा, हवा मारा, पुन्हा बघा. टाचणी किंवा तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि वाढलेलं भोक परत लहान होत नाही. जेट साफ झाला तरी कार्बोरेटरच्या अंगातली बारीक छिद्रं राहतात, त्यांतूनही हवा पलीकडे निघते का बघा.

५. प्लग शेवटी बघा असं मी म्हणत नाही, पण नुसता बदलून मोकळे होऊ नका. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक प्लग ओला काळा आणि दुसरा कोरडा तपकिरी निघाला, तर ओल्या बाजूला ठिणगी नाही किंवा ती कमजोर आहे. तिथली टोपी उघडून बघा, आत खाऱ्या हवेने पांढरट-हिरवी बुरशी धरलेली असते. गॅप मोजा. बी७एचएस-१० अशा क्रमांकातला शेवटचा १० म्हणजे १ मिमी.

६. केरोसीनवर चालणारं मशीन असेल तर एक सवय लावा. किनाऱ्याला लागायच्या आधी पेट्रोलवर घ्या आणि मगच बंद करा. वाटीत केरोसीन राहिलं तर दुसऱ्या दिवशी थंड मशीन उठत नाही.

७. एवढं करूनही दोरी हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये स्लोवर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलाचे फवारे उलटे येत असतील तर रीड व्हॉल्व्हची पाती बघा. ही कामं जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

८. स्लोचा स्क्रू सगळ्यात शेवटी. पिंपात लावलेलं मशीन आपलाच धूर ओढतं, त्यामुळे तिथे बसवलेला स्लो खाडीत टिकत नाही. होडी पाण्यात घ्या, मशीन गरम होऊ द्या, पाण्याची धार नीट पडते आहे ना बघा, किल कॉर्ड मनगटाला लावा. होडी दोरखंडाने जेटीला बांधून मशीन गिअरमध्ये टाका आणि ते बंद पडणार नाही एवढाच स्लो ठेवा. भीतीपोटी तो वाढवला तर गिअर टाकताना दर वेळी खट्ट आवाज येतो आणि खाली गिअरबॉक्समध्ये क्लचचे दात झिजत जातात.