कवटीचा सीटी आणि तुझा थीसिस

चि. सायली,



कवटीच्या सीटीवरून लिंगनिश्चिती हा विषय तू थीसिससाठी घेतलास, हे वाचून फार बरं वाटलं. रेडिओलॉजीत स्कॅनचा साठा आहे, सॉफ्टवेअर आहे, मोजायचंच काय ते बाकी, असं तू लिहितेस. मोजणं खरंच अवघड नाही. काय मोजायचं आणि कोणाचं, हे ठरवण्यात सगळं काम आहे, म्हणून हे पत्र.

विहिरीत, घाटात, उसाच्या फडात हाडं सापडतात आणि पोलीस ठाण्याच्या पत्रासोबत आपल्याकडे, न्यायवैद्यक विभागात, येतात. पत्रातले प्रश्न ठरलेले असतात: हाडं माणसाची आहेत का, बाईची की पुरुषाची, वय किती, मृत्यू कशाने. दुसऱ्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो त्यावर तपास अधिकारी मिसिंगच्या निम्म्या नोंदी बाजूला ठेवतो. आपण चुकलो तर ज्या घरचं माणूस आहे, त्या घराकडे कोणी फिरकतच नाही. शिवाय ही चूक दोन्हीकडे सारखी होत नाही. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की शंकेची हाडं पुरुषाच्या खात्यात टाकण्याकडे अभ्यासकांचा कल असतो, आणि तो थोडाथोडका नाही, सुमारे १२ टक्के. याची किंमत बायका मोजतात. तुझ्या कामाने हा कल थोडा जरी कमी झाला तरी ते मोठं काम होईल.

आता आपल्याकडची खरी अडचण. गाइल्स आणि इलियट यांची १९६३ ची प्रसिद्ध सूत्रं अमेरिकेतल्या टेरी आणि टॉड संग्रहांवर उभी आहेत. तिथे सांगाड्यांचं वय आणि लिंग माणसाच्या मृत्यूच्या वेळीच कागदावर नोंदलेलं होतं. आपल्याकडे बहुतेकांचं दहन होतं, त्यामुळे असे नोंदीचे संग्रह फारसे उभे राहिले नाहीत. कॉलेजांच्या कपाटांतल्या कितीतरी कवट्या हाडांच्या जुन्या व्यापारातून आलेल्या आहेत. १९८५ मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत अशा कवट्या कोलकात्याहून परदेशीही जात. कपाटांतल्या या कवट्या कोणाच्या, याची नोंद नाही. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी चिठ्ठी कोणीतरी भुवईचा उंचवटा आणि कानामागचा मॅस्टॉइड बघूनच लावलेली असते. मग त्याच कवट्यांचा मॅस्टॉइड मोजायचा आणि मॅस्टॉइडवरून लिंग ओळखता येतं असं सिद्ध करायचं, हे म्हणजे आपला पेपर आपणच तपासण्यासारखं आहे. संदर्भ चाळताना प्रत्येक वेळी आधी हे बघ, की कवटीचं लिंग लेखकाला कळलं कुठून.

सीटीचं मोल मला इथे वाटतं. स्कॅन झालेल्या माणसाचं वय आणि लिंग केसपेपरवर आहे. तो आजचा आहे, आणि आपल्याच भागातला आहे. परदेशी सूत्र लावलं तर आपल्याकडचा लहान चणीचा पुरुष सहज बाई ठरू शकतो. आपल्या माणसांवरचा आधार आपणच तयार करायला हवा, आणि जिवंत माणसांच्या स्कॅनमधून तो तयार करता येतो.

पण साठ्यातले स्कॅन सरसकट उचलू नकोस. डोक्याचा सीटी बहुतेक वेळा मेंदूसाठी काढलेला असतो. त्यात खालचा जबडा येत नाही, कधी मॅस्टॉइडचं टोकही कापलं जातं. वॉकर यांच्या पद्धतीतली पाच लक्षणं तुला हवी असतील (मानेमागचा उंचवटा, मॅस्टॉइड, डोळ्याच्या खोबणीची कड, भुवयांमधला फुगवटा आणि हनुवटी), तर संपूर्ण कवटी आणि चेहरा दोन्ही असलेले स्कॅन निवडावे लागतील. स्लाइस १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असू दे. कित्येक ठिकाणी ५ मिलिमीटरच्याच स्लाइस जपून ठेवतात. त्यांवर उभी केलेली त्रिमितीय कवटी दिसायला छान असते, पण तिच्या कडा खऱ्या नसतात. स्कॅनरची गँट्री बऱ्याचदा तिरकी असते, म्हणून मोजण्यापूर्वी प्रत्येक कवटी फ्रँकफर्ट पातळीत आण, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या पातळीत.

आणखी एक. अपघात विभागातून आलेले स्कॅन बहुतांशी तरुण पुरुषांचे असतात. तू बायका आणि पुरुष सारखे घे, वयोगटही सारखे ठेव. पौगंडावस्था पूर्ण होण्याआधी कवटी फारसं काही सांगत नाही, तेव्हा वीस वर्षांखालचे सोड. म्हाताऱ्या बायकांकडे मात्र खास लक्ष दे. पाळी गेल्यानंतर त्यांची कवटी दणकट दिसू लागते आणि त्या पुरुषांत मोजल्या जातात. कपाळाच्या हाडाची आतली बाजू जाड होणं वृद्ध स्त्रियांत बरंच जास्त आढळतं. वरून पाहून ते कळत नाही, सीटीत स्पष्ट दिसतं. मी तुझ्या जागी असतो तर याच्यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवला असता.

मोजताना लिंग तुला माहीत नको. नुसतं नाव झाकून भागणार नाही. कानातल्या कुड्या, नाकातली चमकी, केसांतल्या पिना हाडाबरोबर लखलखीत दिसतात. दुसऱ्या कोणाकडून धातू पुसून घे आणि मगच स्कॅन हातात घे. आणि थीसिससाठी म्हणून कोणाचाही नवा सीटी काढायचा नाही. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसीव्हर्ट किरणांचा डोस बसतो, आणि त्याचा त्या माणसाला काहीच फायदा नसतो.

मोठ्या आकड्याची ओढ लागेल, ती आवर. १९९६ मध्ये लॉथ आणि हेनेबर्ग यांनी जबड्याच्या मागच्या कडेच्या बाकावरून ९४ टक्के अचूकता सांगितली. काही वर्षांतच इतरांनी पडताळलं आणि तो आकडा टिकला नाही. २०१९ मध्ये ॲडलेडच्या गटाने संगणकाला कवटीचे सीटी शिकवून ९५ टक्के मिळवले. काम उत्तम आहे, पण तो संगणक तिथल्या माणसांवर शिकलेला आहे. तुझे आपल्या लोकांवर नीट तपासलेले ८२ टक्के आले तर तेच छापायचे. ज्या स्कॅनवरून सूत्र काढलंस ते बाजूला ठेवून, वेगळ्याच स्कॅनवर ते तपासायचं.

पुढे साक्षीला उभी राहशील. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली कोर्ट तुझं मत ऐकेल आणि वकील ‘हो की नाही’ विचारेल. तेव्हा शक्यता किती ते सांग. कवटी बाई आणि पुरुष यांच्या मधल्या पट्ट्यात पडत असेल तर ‘या हाडावरून सांगता येत नाही’ असं अहवालातच लिही. ते पूर्ण मत आहे, त्यात कमीपणा नाही. कंबरेचं हाड मिळालं असेल तर आधी ते बघ, आणि डीएनएसाठी मांडीचं हाड किंवा दाढ राखून ठेव.

सिनॉप्सिस देण्यापूर्वी वीसच कवट्या घे. तू आणि तुझी रेडिओलॉजीची मैत्रीण, दोघींनी एकमेकींना न दाखवता मोजा, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा, आणि चारही कागद मला पाठव. ज्या मापात दोघींचा फरक फार येईल ते फॉर्ममधून काढून टाकू. गाईडना माझा नमस्कार सांग.

तुझा,
माधवमामा