घरचे औषध आणि भिंतीवरची तारीख

थंडीचे दिवस आले. कापूस वेचणाऱ्या बायांची कंबर धरली. रात्री गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या गड्याला पडसे झाले. पोरे खोकू लागली. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखू लागले.

अशा वेळी आपण काय करतो? लगेच दवाखाना गाठतो का? नाही. आधी मिसळणाचा डबा उघडतो. त्यात हळद आहे, लवंग आहे, मिरे आहे. फडताळात ओवा आहे. परसात तुळस आहे. बांधावर अडुळसा आहे. आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अद्रकीला काय तोटा? खुलताबाद, कन्नड, फुलंब्री या भागांत तर वावरेच्या वावरे अद्रकीची आहेत.

घरचे औषध करणे ही काही चूक नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पारखून ठेवले आहे. पण घरच्या औषधाला दोन गोष्टी लागतात. एक, माप. दुसरी, मुदत. माप पुष्कळांना ठाऊक असते. मुदत मात्र कुणी ठरवत नाही. आज आपण दोन्ही शिकू.

एक घर, तीन दुखणी

फुलंब्री तालुक्यातले एक घर डोळ्यांपुढे आणू. घरात आजोबा, आजी, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. सून साक्षरतेच्या वर्गाला जाते. नुकतीच लिहायला-वाचायला शिकली आहे.

एके दिवशी घरात तीन दुखणी निघाली. नातीला सर्दी-खोकला झाला. मुलाची पोते उचलताना कंबर धरली. आणि आजोबांना खोकला होताच.

सुनेने सासूला विचारले, "आत्याबाई, मामंजींचा खोकला कधीपासून आहे हो?"

"असंल आठ-पंधरा दिस."

मुलगा म्हणाला, "छे! दिवाळीपासून आहे."

आजोबा म्हणाले, "अरे, खोकला कसला? बिडीची सवय, दुसरं काय?"

तिघांची तीन उत्तरे. खरे कुणालाच ठाऊक नाही. सुनेने पेन्सिल घेतली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २ डिसेंबरच्या चौकोनात तिने लिहिले : मामंजी खोकला. मग म्हणाली, "आजपासून तरी मोजू."

हा कागद पुढे कसा उपयोगी पडला, ते शेवटी सांगू. आधी नातीकडे पाहू.

पडसे आणि साधा खोकला

पडसे आपोआप बरे होते. औषध घेतले तर सात दिवसांत, नाही घेतले तर आठवड्यात, असे लोक गमतीने म्हणतात. ते बरेचसे खरे आहे. घरचे औषध पडसे घालवत नाही. ते घसा मऊ करते, कफ पातळ करते, झोप लागू देते. तेवढे पुरे आहे.

*मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.* पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. घसा दुखायचा कमी होतो. लहान मुलांना गुळण्या जमत नाहीत. त्यांना कोमट पाणी पाजा.

*मध.* झोपताना चमचाभर मध चाटवला, की रात्रीची ढास कमी होते. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका. बारशाला बोटावरही नको. मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते. मोठ्या माणसाला ते बाधत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजते, त्याचे विष अंगात भिनते आणि बाळ लुळे पडते.

*अद्रक आणि तुळस.* बोटाच्या पेराएवढी अद्रक ठेचा. चार-पाच तुळशीची पाने घाला. दोन कप पाणी एक कप होईपर्यंत उकळा. गूळ घालून गरम गरम प्या. हा मोठ्या माणसाचा काढा आहे.

*अडुळसा.* अडुळशाने कफ सुटतो. ही नुसती समजूत नव्हे. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्यावरूनच शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. पण गर्भार बाईने अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकसते.

*जेष्ठमध.* कांडी चघळली की घशाला बरे वाटते. पण ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी ती रोज चघळू नये. दाब वाढतो.

*वाफ.* मोठ्या माणसाला वाफेने नाक मोकळे होते. मात्र उकळते भांडे मांडीवर किंवा खाटेवर घेऊ नका. जमिनीवर ठेवा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका. वाफेच्या भांड्याने भाजलेली मुले दवाखान्यात येत असतात.

*कापूर.* कापूर मुलाच्या तोंडात किंवा नाकात घालू नका. पोटात गेला तर झटके येतात. बाळाच्या नाकात तेलही सोडू नका. ते फुफ्फुसात उतरते.

बाटलीतले खोकल्याचे औषध

"काढ्यापेक्षा दुकानातली बाटली बरी," असे कुणी म्हणेल. लहान मुलांच्या बाबतीत ते खरे नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. काही मुलांना आपल्या नागपूरला आणले होते. तरी ती वाचली नाहीत.

त्यानंतर केंद्र सरकारने डॉक्टरांना सूचना दिली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. म्हणून शेजाऱ्याच्या घरातली उरलेली बाटली आणून मुलाला पाजू नका.

लेकराचा श्वास मोजा

मूल खोकत असेल, तर खोकला ऐकण्यापेक्षा श्वास मोजा. मूल शांत असताना त्याच्या पोटावरचा कपडा वर करा. घड्याळ समोर ठेवा. एक मिनिटभर पोट किती वेळा वर येते, ते मोजा.

दोन महिन्यांखालचे बाळ : ६० किंवा जास्त.
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षे : ४० किंवा जास्त.

एवढे श्वास भरले, तर फुफ्फुसाला सूज आली असे धरा. यालाच न्यूमोनिया म्हणतात. श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल, निपचित पडले असेल, तर श्वास मोजत बसू नका. तडक निघा. १०८ नंबरला फोन करा. रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत.

आपल्या गोष्टीतल्या नातीचे श्वास सुनेने मोजले. ते २८ भरले. मूल खेळत होते. मध आणि कोमट पाणी यांवर पाचव्या दिवशी खोकला उतरला.

कंबर आणि अंगदुखी

आता मुलाची कंबर. पोते उचलताना तो कमरेत वाकला होता. गुडघ्यात वाकून, पोते अंगाशी धरून उचलले असते, तर ही वेळ येती ना.

कंबर धरली, की शेक द्या. जाड मीठ किंवा वाळू तव्यावर तापवा. फडक्यात पुरचुंडी बांधा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. सोसेल तेवढाच शेक द्या. मधुमेही माणसाचे पाय बधिर असतात. त्याला चटका कळत नाही. त्याला फार जपून शेका. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, तरी बरे वाटते. तिळाचे तेल कोमट करून हलक्या हाताने चोळा. पण आठ दिवस खाटेवर पडून राहू नका. हळूहळू चाला-फिरा. पडून राहिल्याने पाठ जास्त आखडते.

पाय मुरगळला तर मात्र उलटे करा. पहिले दोन दिवस शेक नको, चोळणे नको. माठातल्या गार पाण्यात फडके भिजवून ठेवा. पाय उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल, तर हाड मोडले असेल. फोटो काढून घ्या.

दाढ दुखते तेव्हा लवंग धरा. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. दातांचे डॉक्टरही ते वापरतात. पण त्याने ठणका थांबतो, कीड जात नाही. दाढ दाखवलीच पाहिजे.

हे करू नका

दुखऱ्या जागेवर बिब्बा लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते. फोड येतात, चिघळतात. दुखणे राहते आत आणि वर जखम होते.

गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या बाजारात मिळतात. दोन दिवसांत म्हातारा चालू लागतो. सगळ्यांना नवल वाटते. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे तपासणीत आढळले आहे. ते पोटात जात राहिले, की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या पुडीवर नाव नाही, ती घेऊ नका. आता आपल्याला वाचता येते. वाचून घ्या.

छातीत कळ येऊन हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम आला, तर "गॅस झाला" म्हणून ओवा खात बसू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तिथे घरचे औषध नाहीच. १०८ ला फोन करा. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडला किंवा लघवी कळेनाशी झाली, तरीही लगेच जा.

आजोबांचा खोकला

आता आजोबांकडे वळू. आजी त्यांना रोज अडुळशाचा काढा देत होती. काढ्याने त्यांना बरे वाटे. कफ सुटे, रात्री डोळा लागे. आजी म्हणे, "गुण येतोय." पण सकाळी खोकला पुन्हा हजर. संध्याकाळी अंग कोमट लागे. धोतराची गाठ सैल पडू लागली होती.

१६ डिसेंबरला सुनेने कॅलेंडर दाखवले. "आत्याबाई, लिहून ठेवल्याला दोन आठवडे झाले. त्याच्या आधीचे दिवस वेगळेच."

आजोबा म्हणाले, "अजून आठ दिवस काढा घेऊ."

सून म्हणाली, "मामंजी, काढा घ्या की. पण थुंकी तपासून या."

मुलगा त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला. थुंकी तपासली. पैसे पडले नाहीत. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले.

क्षय म्हणजेच टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर थुंकी तपासायची, हा नियम आहे. हा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी शोधला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी तो जगाला सांगितला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. साधारण सहा महिने रोज घ्यावे लागते. पोषणासाठी रोग्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा करण्याची सरकारी योजनाही आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. गावची आशाताई याची माहिती देते. दुखणे गुंतागुंतीचे निघाले, तर शहरात १९५६ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच. त्याला आपण सारे 'घाटी' म्हणतो.

आजोबा घाबरले. ताट-वाटी वेगळी करा म्हणाले. आशाताई म्हणाली, "बाबा, ताटाने क्षय होत नाही. खोकल्याने होतो. तोंडावर रुमाल धरा. खिडकी उघडी ठेवा. बिडी सोडा. आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. लेकराला आधी."

नात तपासली. तिला रोग नव्हता. तिला रोग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी औषध दिले.

आजीला फार वाईट वाटले. "माझ्या काढ्यानं वेळ घालवला," असे ती म्हणाली. आम्ही म्हणतो, आजीचा काढा वाईट नव्हता. काढ्याला मुदत नव्हती, एवढेच चुकले.

१८ डिसेंबरपासून आजोबांच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज गोळी घेतली, की सून कॅलेंडरवर खूण करी. दोन महिन्यांत खोकला थांबला. आजोबा म्हणाले, "आता कशाला गोळ्या?" सुनेने ऐकले नाही. गोळ्या मध्येच सोडल्या, तर जंतू मुरतात, मग साध्या औषधाला दाद देत नाहीत. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला. पेरणीच्या घाईत शेवटची खूण झाली. ती आजोबांनी स्वतः केली.

लक्षात ठेवा

१. दुखणे सुरू झाले, की त्याच दिवशी तारीख लिहा.
२. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, तर थुंकी तपासा.
३. खोकल्यातून रक्त पडले, ताप हटेना, वजन घटले, तर दोन आठवडेही थांबू नका.
४. एक वर्षाच्या आत मध नाही.
५. लेकराचा श्वास मोजा.
६. सुरू केलेले क्षयाचे औषध मध्येच सोडू नका.

उत्तरे लिहा

१. गर्भार बाईने अडुळसा का घेऊ नये?
२. पाय मुरगळल्यावर पहिले दोन दिवस काय करावे?
३. तीन वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४५ श्वास भरले. तुम्ही काय कराल?
४. आजीचे काय चुकले? काय चुकले नाही?

करून पाहा

आज घरी जा. कुणाला खोकला आहे का, विचारा. कधीपासून आहे, ते विचारा. उत्तर मिळेल ते कॅलेंडरवर आपल्या हाताने लिहा.