पिन कोणती, हा शेवटचा प्रश्न

लहान मुलाच्या कोपराचं ऑपरेशन ठरलं की हल्ली आईवडिलांना विचारलं जातं, धातूची तार घालायची की शरीरात विरघळून जाणारी पिन? आमच्या सात वर्षांच्या मुलीच्या वेळी घरातले सगळे याच प्रश्नापाशी अडून बसले होते. त्यातून पार पडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पिन कोणती, हा शेवटचा प्रश्न. त्याच्या आधीचे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, तर महागातली महाग पिनही हात पूर्ववत करू शकत नाही.

मे महिन्यात मुलगी साताऱ्याजवळ आजोळी होती. ओट्याच्या कठड्यावरून पडली आणि सगळा भार डाव्या हातावर आला. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "बारीक तडा आहे. प्लॅस्टर घालू, तीन आठवड्यांनी या," असं सांगितलं गेलं. मधे एकदा पुन्हा एक्स-रे काढून हाड जागेवर आहे ना हे पाहायचं असतं, हे कुणी बोललं नाही. पुण्याला परतलो तरी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय ही तिची तक्रार थांबेना, म्हणून लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी प्लॅस्टर उतरवून हात जरासा आत वळवला आणि तिरका एक्स-रे घेतला. सरळ एक्स-रेमध्ये केसाएवढी वाटणारी रेघ त्यात चांगली रुंदावलेली दिसली. तुकडा जागचा हलला होता.

मुलांचं कोपर फसवं असतं. त्याचा बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. हाडाचे वेगवेगळे ठिपके वयाच्या पहिल्या वर्षापासून अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत एकामागून एक उमटत जातात. त्यामुळे मोडलेला तुकडा दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठा असू शकतो. सगळ्यांत जास्त आढळतं ते कोपराच्या जरा वर, दंडाचं हाड मोडणं. त्याला सुपरकॉन्डायलर म्हणतात. त्याच्या खालोखाल आमच्या मुलीचं, बाहेरच्या बाजूचं लॅटरल कॉन्डाइलचं. हे फ्रॅक्चर सांध्यात उतरतं, वाढीच्या कूर्चेतून जातं आणि मनगट वर उचलणारे स्नायू तो तुकडा ओढत राहतात. म्हणूनच सुरुवातीला न हललेला तुकडा प्लॅस्टरमध्येही सरकू शकतो. तो तसाच राहिला तर हाड जुळत नाही, हात बाहेरच्या बाजूला वाकत जातो आणि काही जणांना कैक वर्षांनी करंगळीकडच्या बोटांत मुंग्या येऊन पकड कमजोर होते. तीन आठवडे उलटले की ऑपरेशनही अवघड होत जातं. आम्ही त्याच्या आत पोचलो.

म्हणून पहिला सल्ला: प्लॅस्टर घातल्यावर "पुढचा एक्स-रे कधी?" हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. लॅटरल कॉन्डाइल असेल तर साधारण आठवड्याभरात तो व्हायलाच हवा, तिरक्या बाजूनेसुद्धा.

त्याही आधीचा पहिला तास महत्त्वाचा. हात ओढून सरळ करू नका, चोळू नका, तेल लावू नका. आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा आधार देऊन झोळीत ठेवा. बांगडी, अंगठी, मनगटातला दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर ते कापावे लागतात. रडतंय म्हणून दूध-बिस्कीट देऊ नका. भूल द्यायची तर पोट सहा तास रिकामं लागतं. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन घट्ट पट्टी बांधण्याचा आग्रह आमच्याकडेही झाला, सासूबाईंनी तो ठामपणे मोडून काढला. घट्ट पट्टीखाली सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला, तर बोटं कायमची आखडतात. रिचर्ड फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये हे वर्णन केलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. बोटं गार किंवा फिकी पडली, बधिर झाली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं हलक्या हाताने सरळ केली तरी मूल किंचाळलं, तर सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

आता पिनेकडे. आमच्या पहिल्या चौकशीत एका हॉस्पिटलच्या काउंटरवर एवढंच सांगितलं गेलं, "विरघळणारी घाला, दुसरं ऑपरेशन टळेल." हे अर्धंच खरं आहे. मुलांच्या कोपरात बहुतेक वेळा के-वायर, म्हणजे बारीक गुळगुळीत तारा घालतात आणि त्यांची टोकं कातडीबाहेर ठेवतात. हाड जुळलं की त्या ओपीडीतच काढता येतात. सुपरकॉन्डायलरमध्ये तीन-चार आठवड्यांनी, लॅटरल कॉन्डाइलमध्ये जरा उशिरा. तिथे दुसऱ्या ऑपरेशनचा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो तार कातडीखाली पुरली किंवा धातूचा स्क्रू घातला तर. उघड्या टोकांपाशी जंतुसंसर्ग होण्याची भीती असते, ड्रेसिंग सांभाळावं लागतं आणि तार काढताना मूल घाबरतं. विरघळणारी पिन हा त्रास वाचवते, आणि तो फायदा खरा आहे.

या पिना विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातकुळीतल्या. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकॉलिक आम्लापासून बनलेल्या. हेलसिंकीत पेंटी रोक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी त्या वापरायला सुरुवात केली. शरीरातल्या पाण्याने त्यांचे हळूहळू तुकडे होतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. घटकांनुसार याला काही महिने ते काही वर्षं लागतात. पण त्या धातूइतक्या ताठ नसतात. तारेसारख्या थेट हाडात शिरत नाहीत, आधी भोक पाडावं लागतं. म्हणून खूप हललेल्या सुपरकॉन्डायलरला अजूनही धातूच्या तारांचाच आधार घेतला जातो. लॅटरल कॉन्डाइलसारख्या, कातडी उघडून तुकडा डोळ्यांदेखत बसवायच्या फ्रॅक्चरमध्ये मात्र त्यांना जागा आहे. त्या बऱ्याच महाग असतात. सरकारी योजनेतून उपचार होणार असतील, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला ही पिन त्यात बसते का, हे आधी विचारा.

आमच्या सर्जननी दोन्ही मार्ग कागदावर काढून दाखवले आणि म्हणाले, "हाड नीट बसणं माझ्यासाठी महत्त्वाचं. ते कशाने धरायचं, हे आत पाहिल्यावर मी बदलू शकतो, याची परवानगी द्या." हे वाक्य ऐकल्यावर मला भरवसा वाटला. विरघळणाऱ्या पिना घातल्या गेल्या.

नंतरची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये पिन दिसतच नाही, हाडातून गेलेले दोन बारीक बोगदे तेवढे दिसतात. पुढे एकदा गावाकडे दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून विचारलं, "पिना काढल्या का? कधी?" फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डावर पिनेच्या पाकिटाचं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यामुळे मिनिटात उलगडा झाला. ते स्टिकर मागून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

काही महिन्यांनी व्रणापाशी लालसर गाठ आली किंवा पातळ पाणी झिरपलं, तर ती विरघळण्याची प्रतिक्रियाही असू शकते आणि जंतुसंसर्गही. हा फरक ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच ठरवू द्या. गळू समजून परस्पर कापू देऊ नका. पिन काढायची नाही म्हणून तपासण्या सोडू नका. हाड जुळलं का, हात वाढीबरोबर वाकतोय का, हे वाढत्या वयात पाहत राहावं लागतं. प्लॅस्टर निघाल्यावर कोपर ताठर असतं. मालीश करून, जोर लावून ते वाकवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की मुलाला आपापलं खेळू द्या, कणीक मळू द्या, केस विंचरू द्या.

डॉक्टरांसमोर बसताना वहीत या क्रमाने लिहून न्या: नेमकं कोणतं हाड मोडलंय? किती हललंय? नसा आणि रक्तप्रवाह तपासला का? पुढचा एक्स-रे कधी? ऑपरेशनविना चालेल का? तार बाहेर ठेवणार की आत पुरणार? विरघळणारी पिन याच फ्रॅक्चरला का? पहिल्या पाचांची उत्तरं मिळाली की उरलेल्या दोन प्रश्नांचा निर्णय सोपा होतो, आणि तो मग पैशाच्या किंवा भीतीच्या दडपणाखाली घ्यावा लागत नाही.